खिळ्यावरची पट्टी

माझ्या नेमणूकपत्रावर 'डिझाइन अँड डेव्हलपमेंट इंजिनिअर' असं लिहिलं होतं. आईने ते शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि मला विचारलं, "म्हंजे तू नक्की करनार काय रं?" खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. कर्जतच्या पलीकडचं आमचं गाव भातशेतीचं. तिथं इंजिनिअर म्हणजे एक तर रस्ता बांधणारा, नाहीतर धरण. मी लागलो होतो पाण्याचे पंप करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात, खालापूरजवळ कुंभिवलीला, अगदी हायवेला लागून. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. कर्जतहून एसटीने चौकला यायचं, तिथं गॅरेजांसमोर धूळ खात उभं राहायचं आणि खोपोलीकडे जाणारी दुसरी गाडी पकडायची. डिझाइन डिपार्टमेंट म्हणजे मी, एक ड्रॉइंग बोर्ड आणि एक पाय आखूड असलेलं स्टूल.

डिप्लोमा नवा होता आणि तोरा त्याहून नवा. कागदावर काढलं की वस्तू झालीच, बाकी काम हमालीचं, असं मला मनापासून वाटायचं. मालकांनी पहिलं मोठं काम दिलं ते मोटरला थेट जोडता येईल अशा नव्या पंपाचं. मी महिनाभर खपून ड्रॉइंग केलं. मालकांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आता पॅटर्न रूममध्ये जा. मिस्त्रींना दाखव."

लोखंड ओतायचं तर वाळूत हव्या त्या वस्तूच्या आकाराची पोकळी लागते. त्यासाठी ती वस्तू आधी लाकडात घडवायची, वाळूत दाबून बसवायची आणि वाळू न ढासळू देता अलगद उचलून काढायची. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणतात. आमच्याकडे तो करणारे मिस्त्री पन्नाशीचे होते. अंगाने किरकोळ, कानामागे पेन्सिल, आणि बोटं मात्र त्यांच्या अंगाच्या मानाने मोठी. त्यांनी माझं ड्रॉइंग बाकावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार लाकडाचे तुकडे ठेवले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग डोळे मिटले आणि एक हात हवेत हळूहळू फिरवला.

"सायेब, पानी हितून आत येनार, हितून गोल फिरनार आन् हितून वर जानार. बराबर?"

"बरोबर."

"मंग ह्या कोपऱ्यात त्याला वळाया जागा कुटं हाय?"

मी वाकून पाहिलं. जागा नव्हती. महिनाभर मी त्या कोपऱ्याकडे बघत होतो आणि मला तो दिसला नव्हता. या माणसाला सपाट कागदावरच्या रेघांतून वाहतं पाणी दिसलं होतं, तेही डोळे मिटून. माझा तोरा त्याच दिवशी निम्म्यावर आला.

त्यानंतर मी दिवसातून एकदा तरी काही निमित्त काढून पॅटर्न रूममध्ये जाऊ लागलो. सागवानाच्या फळ्या एकावर एक चिकटवायच्या, मग पटाशीने कोरत कोरत पंपाचं शंखासारखं अंग बाहेर काढायचं. याहून नवल वाटायचं ते आतल्या पोकळीचं. पंपाच्या पोटात जिथं पाणी फिरणार, तेवढी जागा लोखंडाने भरता कामा नये, म्हणून त्या जागेच्या आकाराचा वाळूचा गाभा करून आत बसवावा लागतो. त्या गाभ्याचा साचाही मिस्त्रीच करायचे. म्हणजे आम्ही पंप बनवत होतो आणि हा माणूस पंपातली रिकामी जागा बनवत होता. हे कळलं तेव्हा मी बाकाशेजारच्या खोक्यावर बसूनच राहिलो. शाळेत, डिप्लोमाला, कुठंही मला कुणी हे असं सांगितलं नव्हतं.

पॅटर्न वाळूतून अडकल्याशिवाय निघावा म्हणून त्याच्या सगळ्या बाजूंना किंचित ढाळ ठेवतात. पॅटर्न रूमच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसायचा. एकदा मिस्त्रींनी पटाशीनेच तिकडे बोट केलं. "त्याला बगा कसा ढाळ दिलाय. वर उचलला तर वाळूचा कन बी पडनार नाय." ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. तेव्हापासून तो डोंगर मला ओतलेला वाटतो.

आणि ती पट्टी. दाराच्या चौकटीजवळ, डोळ्यांच्या उंचीवर एक खिळा होता आणि त्यावर दोन फुटी स्टीलची पट्टी टांगलेली असायची. माझ्याकडेही तशीच एक होती, टोकाला भोक असलेली. मिस्त्रींनी एकदा दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. सुरुवात जुळत होती. पुढे जाता जाता त्यांच्या रेघा माझ्या रेघांच्या पुढे सरकत गेल्या, आणि माझ्या पट्टीवर सहाशे मिलिमीटर संपले तेव्हा त्यांचे संपायला अजून सहा मिलिमीटर बाकी होते.

"मडकं सुकलं की ल्हान व्हतं का नाय? तसंच लोखंड. निवताना आखडतं, शंभराला एक. म्हनून आमची पट्टी शंभराला एक वाडीव."

टोकाला बारीक अक्षरांत तसं कोरलेलंही होतं. बस्स, एवढीच खूण. लोखंड पुढे काय करणार आहे हे आधीच ओळखून कुणीतरी ते पट्टीवर आखून ठेवलं होतं, आणि मिस्त्री तिने बिनधास्त मोजत होते. मी किती वेळा ती हातात घेऊन पाहिली असेल याला गणती नाही. ते कधी अडवत नसत. एकच म्हणत, "बगा, पन खिळ्यावर परत." तो त्यांच्या खोलीचा कायदा होता. त्या खिळ्यावर दुसरं काही टांगायचं नाही आणि पट्टी दुसरीकडे ठेवायची नाही. काम करताना ते मागे न बघता हात लांबवायचे आणि पट्टी हातात यायची. जेवताना घास तोंडाशी जातो तसं.

मिस्त्री चौकच्या बाजूच्या एका गावचे, सायकलवर यायचे. छप्पन साली त्यांच्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. वडील गावकीची कामं करायचे, सांगावे पोचवायचे. "आमी त्ये सोडलं आन् मी मुंबई धरली," एवढंच ते सांगायचे. मुंबईला एका फाउंड्रीत भुसा झाडायला लागले आणि झाडता झाडता शिकले. कारखान्यात त्यांच्यावाचून सगळ्यांचं काम अडायचं, तरी फोरमन अधूनमधून हसत हसत म्हणायचा, "काम बरं आहे हो, पण जातीचा सुतार नाही ना." पनवेलचा एक सुतार त्याच्या ओळखीचा होता आणि त्याला आणायचं हे त्याच्या मनात कधीचं घोळत होतं. त्याच्या त्या वाक्यावर मी कधी काही बोललो नाही. नवा माणूस, कशाला तोंड घाला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

एके दिवशी दुपारी मी दोन्ही पट्ट्या घेऊन पॅटर्न रूमच्या खिडकीत उभा होतो. एका रेघेला दुसरी नेमकी किती पुढे जाते याचा तक्ता करण्याची मला हौस आली होती. उपयोग काडीचा नाही, नुसतं नवल. तेवढ्यात मालकांची हाक आली. मी घाईघाईने मिस्त्रींची पट्टी खिळ्याला टांगली आणि माझी घेऊन गेलो. निदान मला तसंच वाटलं. ड्रॉइंग बोर्डावर माझ्या आखणीच्या पट्ट्या वेगळ्या होत्या, त्यामुळे ती स्टीलची पट्टी खणात गेली आणि तिथंच पडून राहिली.

त्यानंतर तीन आठवडे मिस्त्री माझ्या पंपाचा पॅटर्न करत होते. इतकी देखणी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती. सांधा शोधू म्हटलं तर सापडत नव्हता. जिथं मशीनवर कापायचं होतं तिथं पिवळा रंग, बाकी अंगाला लाल. पॅटर्न तपासून सही करायची ती मी. खिळ्यावरची पट्टी काढली, तोंडापासून तोंडापर्यंत माप घेतलं, चारशे तीन. तयार वस्तू चारशेची आणि दोन्ही तोंडांना कापायला दीड दीड मिलिमीटर. इतकं कमी कुणी ठेवत नाही, सगळे दुप्पट ठेवतात. पण लोखंड वाचवायचं ही माझी हुशारी होती. मी ऐटीत सही केली.

ओतकाम पाहायला मी भट्टीजवळ उभा होतो. भट्टीच्या तोंडातून लोखंड वितळून आलं तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही हलवता येत नव्हती. वाळूच्या पेटीत ते दुधासारखं निमूट उतरलं. मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते, हात मागे बांधून. त्यांच्या लाकडाची जागा आता लोखंड घेत होतं. आयुष्यात देऊळ, समुद्र, पुष्कळ काही पाहिलं, पण अंगावर काटा आला तो तेव्हाच.

पंपाची चार केसिंग, म्हणजे बाहेरची अंगं, ओतली होती. तिसऱ्या दिवशी लेथवर चढवली. चारशेचं माप आलं तरी तोंडाला हत्यार लागलंच नाही. कातलेल्या लोखंडाची चकाकी यायच्या जागी भट्टीतला काळा थर तसाच. चारही नगांचं तेच. एक मिलिमीटर कमी पडत होता. चारही भंगारात.

फोरमन मालकांना घेऊन पॅटर्न रूममध्ये आला. मी मागे होतो. मिस्त्रींनी खिळ्यावरची पट्टी घेतली, पॅटर्न मोजला. चारशे तीन. पुन्हा मोजला. चारशे तीनच. कपाळाला आठ्या पडल्या. मग ते पट्टी घेऊन खिडकीशी गेले, उजेडात डोळ्यांजवळ धरली, टोकावरून अंगठा फिरवला.

"ही पट्टी माजी नाय," ते म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," फोरमन म्हणाला.

मिस्त्री वळले. "पट्टी माजी नाय. पन हातात मीच घ्येतली, वाचली नाय. चूक माजी."

मालक खूप बोलले. गिऱ्हाइकाला पंप दाखवायचा दिवस ठरला होता आणि आता दाखवायला काही नव्हतं. शेवटी म्हणाले, या महिन्याअखेर काय ते ठरवू. फोरमनने पनवेलच्या सुताराला त्याच दिवशी निरोप धाडला, हे सगळ्या कारखान्याला कळलं.

मी माझ्या टेबलाशी आलो आणि खण उघडला. पट्टी तिथंच होती. उलटून पाहिलं. टोकाला बारीक अक्षरं कोरलेली होती.

इथं मी ताबडतोब उठून मालकांकडे गेलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी खण बंद केला. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. घरात मी पहिला पगारदार, आईने सगळ्या पाहुण्यांना सांगून झालं होतं. मिस्त्रींनी स्वतःच चूक कबूल केली आहे, मग आता काय, असा हलकट विचारही मी केला. दोन दिवस मी पॅटर्न रूमकडे फिरकलो नाही. एसटीत बसलं की त्या खणाचाच विचार. चौकला उतरून गाडीची वाट बघताना मिस्त्री सायकलवरून गेले, मला पाहून त्यांनी नेहमीसारखा हात केला, आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. त्या बुटाला नाडी नव्हती.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. पट्टी शर्टाच्या आत खोचून गेलो. मला वाटलं होतं, मिस्त्री डोक्याला हात लावून बसले असतील, नाहीतर हत्यारं बांधत असतील. ते माझ्या पंपाच्या पॅटर्नवर वाकले होते. पॅटर्न मधोमध कापला होता आणि त्यात लाकडाच्या पातळ चिपा चिकटवून ते तो मापाला वाढवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. महिनाअखेर नोकरी राहते की जाते याचा पत्ता नव्हता. आणि पट्टी? साध्या पट्टीने मोजून प्रत्येक मापाला शंभराला एक मिळवून ते एका फळीवर पेन्सिलने मांडत होते. अख्खी फळी आकड्यांनी भरली होती. दोन दिवसांत त्यांनी शेकडो मापं हाताने काढली होती.

"मिस्त्री, हे कशाला? तुम्हाला तर..."

"वाकडं ठिवून कसं जाऊ? मागून येनारा मानूस काय म्हनंल?"

मी शर्टातून पट्टी काढून बाकावर ठेवली. म्हणालो, "माझ्या खणात होती. मीच बदलली. चुकून. आणि परवापासून मला माहीत आहे."

त्यांनी पट्टी उचलली. मग कापडाने ती पुसली, टोकावरून अंगठा फिरवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परवापासनं," ते म्हणाले. "सायेब, मला सांगून काय उपेग? मी काय स्वतःला काढनार हाय? तिकडं जाऊन सांगा."

मी गेलो. मालकांच्या खोलीत फोरमनही होता, तेही बरंच झालं. मी सगळं सांगितलं, दोन दिवस गप्प बसलो तेही सांगितलं. फोरमन म्हणाला, "तरी पण पट्टी वाचून घ्यायची अक्कल..." आणि मला एकदम राग आला. गेलं वर्षभर गिळलेला राग. म्हणालो, "पट्टी मीही वाचली नाही, सही मी केली आणि कापायला जास्त लोखंड ठेवलं असतं तर हे नग वाचले असते, तेही मीच कमी ठेवलं. मी तर डिप्लोमावाला. मग जातीचा इंजिनिअर नाही असं मला का नाही म्हणत?" मालकांनी माझं कायम होणं सहा महिने पुढे ढकललं आणि मला बाहेर जायला सांगितलं. पनवेलचा सुतार काही आला नाही. आईला मी खोटंच सांगितलं, कारखान्यात सगळ्यांचंच लांबलंय म्हणून.

वाढवलेल्या पॅटर्नवरून पुन्हा केसिंग ओतली. या वेळी लेथवर मी स्वतः उभा होतो. हत्यार तोंडाला लागलं, पहिला काळा कीस निघाला आणि मागोमाग चंदेरी लोखंड उघडं पडत गेलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुठंही डाग न ठेवता. मी गाभ्याच्या पोकळीत हात घालून पाहिला. मिस्त्रींनी सुचवलेल्या त्या कोपऱ्यात माझी बोटं सहज वळली. तिथून पाणी वळणार होतं. पुढे कितीतरी विहिरींवर ते वळलं.

त्याच संध्याकाळी मी एक नवा खिळा आणि हातोडी घेऊन पॅटर्न रूममध्ये गेलो. दोन दिवस विचार करून काढलेली युक्ती होती आणि मला ती फार अक्कलहुशारीची वाटत होती. म्हणालो, "मिस्त्री, एक साधी पट्टीही या खोलीत लागतेच. तिला मी वेगळा खिळा ठोकतो, त्या भिंतीला, तुमच्यापासून लांब. म्हणजे पुन्हा कधी गफलत नको."

मी खिळा भिंतीला लावला. हातोडी उचलली तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. त्या मोठ्या बोटांची ताकद मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

"येगळा खिळा नको," ते म्हणाले.

"अहो, पण गफलत..."

"दोनी एकाच खिळ्यावर टांगा. ज्याला पायजेल त्यानं वाचून घ्यावी. मी खिळ्यावर भरवसा टाकला म्हनून तर फसलो." त्यांनी मनगट सोडलं आणि माझ्या हातातला खिळा काढून घेतला. थोडा वेळ तो बोटांत फिरवत राहिले. "आमच्या बापाचा चहाचा कप हाटेलाच्या भाईर येगळ्या खिळ्यावर असायचा. त्यो पिऊन धुवायचा आन् परत टांगायचा. गावात कुनाची कंदी गफलत झाली नाय."

मी हातोडी खाली ठेवली. दोन्ही पट्ट्या त्या एकाच खिळ्यावर टांगल्या, एकीवर एक. पुढची सगळी वर्षं त्या तशाच होत्या, आणि पट्टी घेताना आम्ही दोघंही आधी टोक वाचायचो.

त्या संध्याकाळी एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो. आमच्या गावच्या हॉटेलाबाहेरही तसा एक खिळा होता. लहानपणी येता-जाता मी तो कप पाहिला होता. कुणाचा आहे, असं मी कधीच विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं.